दवाखान्याचा खर्च : कोणते दार, कोणता कागद?



घरात आजारपण आले की पहिला प्रश्न असतो, ‘बरे वाटेल ना?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, ‘पैसे किती लागतील?’ हा दुसरा प्रश्न आपण मोठ्याने विचारत नाही. रुग्णासमोर तो विचारणे बरे दिसत नाही. पण तोच प्रश्न उराशी घेऊन घरचा कर्ता माणूस रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असतो. आजच्या अभ्यासलेखात आपण ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत (लूक १०). त्याने जखमा बांधल्या, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण पुढे त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देण्याचे कबूल केले, हे आपण पटकन विसरतो. शुश्रूषा झाली, तसा खर्चाचाही बंदोबस्त झाला. तेव्हा खर्चाबद्दल बोलणे म्हणजे कमी प्रेम करणे नव्हे.

१. एक घडलेली गोष्ट

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. विडी घरकुलात राहतात, विड्या वळतात. एका रात्री त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखू लागले. रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याला जो दवाखाना माहीत होता तेथे त्याने नेले. तेथे आधी पैसे भरायला सांगण्यात आले. मावशींनी कानातले सोनाराकडे ठेवले, बचत गटातून उचल घेतली, पुतण्याने कुठून तरी व्याजाने रक्कम आणली. यजमान वाचले, देवाची कृपा! पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलीने विचारले, “मावशी, तुम्ही रेशनकार्ड नाही दाखवलं का?” त्याच मजल्यावर, तशाच इलाजासाठी त्या मुलीच्या वडिलांना काहीही भरावे लागले नव्हते.

मावशींचे रेशनकार्ड घरी पत्र्याच्या पेटीत होते. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. यजमान कामावर जाऊ लागल्यानंतरही दीड वर्ष त्या घरातून व्याज जात होते.

दोष कोणाचा, हे शोधण्यासाठी ही गोष्ट सांगितलेली नाही. शिकायचे ते एवढेच : गरिबाच्या इलाजासाठी सोयी आहेत, पण त्यांचा उपयोग बहुधा दवाखान्यात पाय ठेवल्याच्या पहिल्या तासात ठरतो. कोणत्या दाराने आत गेलो आणि हातात कोणता कागद होता, ह्यावर पुढची दोन वर्षे अवलंबून असतात.

२. खर्च किती आणि कुठे होतो?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जुलै २०१७ ते जून २०१८ ह्या काळात देशभर पाहणी केली. बाळंतपण सोडून इतर आजारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये आणि खाजगी रुग्णालयात सुमारे ३१,८५० रुपये आला. म्हणजे सात पट! त्यानंतर महागाई वाढली आहे, तेव्हा आजचे आकडे मोठे असणार. विड्या वळून किंवा मागावर काम करून घर चालवणाऱ्याला एवढी रक्कम एका रात्रीत उभी करणे शक्य नसते. मग दागिना जातो, शेळी जाते, मुलीची शाळा सुटते.

देशाचा एकूण हिशोब पाहिला तर थोडी सुधारणा दिसते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरील शंभर रुपयांपैकी ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा सुमारे ३९ रुपयांवर आला. तरीही शंभरातले ३९ रुपये हा लहान भार नव्हे.

३. आजवर झालेले प्रयत्न

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व आपल्या देशात नवे नाही. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, ते स्पष्टपणे मांडले होते. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. मात्र शेतमजूर, घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया, बिगारी असे बहुसंख्य लोक त्याच्या बाहेरच राहिले.

महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना आली. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. ती प्रथम आठ जिल्ह्यांत राबवली गेली आणि त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता! पिवळ्या व केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवण्यात आल्या.

सर्वांत मोठा बदल अलीकडचा आहे. २०२३ साली निर्णय झाला आणि १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना लागू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि २०२५ मध्ये ती आणखी वाढवण्याचा निर्णय झाला. पूर्वी पांढरे रेशनकार्ड असलेल्यांना ह्यात जागा नव्हती. आता त्यांनाही आहे. ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काही मिळत नाही’ असे अजून पुष्कळ जण म्हणतात. ते आता खरे राहिलेले नाही.

आता प्रत्यक्ष दारांकडे वळू.

४. पहिले दार : सरकारी दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या व उपचार विनामूल्य करण्यात आले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सर्व त्यात येतात. सोलापूरचे सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने २०२३ चा तो निर्णय त्याच्यासाठी नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरीही तेथील शुल्क खाजगीच्या मानाने फारच थोडे असते.

गरोदर मातेसाठी जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरापासून ये-जा ह्यासाठी काहीही द्यावे लागत नाही. आजारी नवजात बाळालाही ही सोय आहे. आणि रात्री-अपरात्री रिक्षा शोधत फिरण्याआधी १०८ क्रमांक लावावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा राज्यात विनामूल्य चालू आहे.

‘सरकारीत गर्दी असते, वेळ जातो’ ही तक्रार खोटी नाही. पण प्रत्येक तापासाठी मोठ्या दवाखान्यात जावे लागत नाही. साधा आजार जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवला, तर त्याच दिवशी मजुरीवर जाता येते.

५. दुसरे दार : योजनेतील रुग्णालय

महात्मा फुले योजना सर्वच रुग्णालयांत नसते. जी रुग्णालये योजनेत आहेत तेथेच ती मिळते. तीही ज्या आजारांसाठी मान्यता असेल त्यांसाठीच. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. सोलापूर शहरातही अनेक रुग्णालये आहेत. ह्यांपैकी कोणते रुग्णालय आज कोणत्या उपचारासाठी योजनेत आहे, हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ह्या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. आजारपण येण्याची वाट न पाहता आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर काय करायचे?

- पैसे भरण्याआधी ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ असे विचारा. योजनेतील रुग्णालयात रुग्णाला मदत करण्यासाठी हा माणूस नेमलेला असतो.
- रेशनकार्ड आणि रुग्णाचे आधारकार्ड दाखवा. आयुष्मान कार्ड असेल तर तेही दाखवा.
- डॉक्टरांनी सांगितलेला उपचार योजनेच्या यादीत आहे का, ते आरोग्यमित्राकडून समजून घ्या. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखून ठेवलेले आहेत.
- मंजुरी येईपर्यंत थांबावे लागते. पण जिवावरचा प्रसंग असेल तर दूरध्वनीवरून तातडीची मंजुरी घेण्याची सोय आहे.
- मंजूर उपचारात खाट, शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे आणि रुग्णाचे जेवण येते. ‘हे बाहेरून आणा’ असे सांगितले गेले, तर भांडू नका. आरोग्यमित्राला सांगा, वरील क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या.

ज्यांचे वय ७० किंवा त्याहून अधिक आहे त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचे वेगळे कार्ड निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही. आपल्या आजी-आजोबांचे कार्ड निघाले आहे का?

येथे एक गैरसमजही दूर करू. ‘आभा’ क्रमांक म्हणजे विमा नव्हे. तो आपल्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचा क्रमांक आहे. तो काढला म्हणून उपचार विनामूल्य होत नाहीत.

६. तिसरे दार : धर्मादाय रुग्णालय

हे दार आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना करात व इतर अनेक सवलती मिळतात. त्या बदल्यात गरिबांवर उपचार करणे ही त्यांच्यावर कायद्याने आलेली जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ह्यासाठी योजना मंजूर केली. तिच्यानुसार अशा रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. तातडीचा रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागता आधी त्याला दाखल करून घ्यायचे असते.

ह्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्ड लागते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. चालू मर्यादा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे किंवा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारावी. रुग्णालयाच्या नावात ‘ट्रस्ट’, ‘फाउंडेशन’ किंवा ‘चॅरिटेबल’ असे काही दिसले की हा प्रश्न जरूर विचारा. न्यास म्हणून नोंदलेली ख्रिस्ती संस्थांची रुग्णालयेही ह्या नियमातून सुटत नाहीत, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपल्या संस्थांकडून तर अधिकच अपेक्षा ठेवावी.

७. कामाच्या ठिकाणाहून मिळणारे दार

आपल्या परिसराची ओळख कष्टकऱ्यांच्या वसाहतीची आहे. अक्कलकोट रस्त्यालगत गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीची दहा हजार घरे २००६ साली उभी राहिली. रे नगरमधील पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आल्या. घराचा प्रश्न संघटनेने आणि चिकाटीने सुटला. इलाजाचा प्रश्नही तसाच कागद गोळा करून, एकमेकांना सांगून सोडवावा लागेल.

विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी स्थापन झाला. त्यासाठी विड्यांवर उपकर घेतला जात असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. मात्र केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून कामगारांसाठी दवाखाने आणि मोठ्या आजारांसाठी मदत चालू राहिली. त्यासाठी विडी कामगार ओळखपत्र लागते. पुष्कळ बायकांचे कार्ड सासूच्या नावाचे असते, किंवा कारखाना बदलल्यावर नवे केलेलेच नसते. ते नीट करून घ्यावे.

यंत्रमागावर किंवा कारखान्यात कामाला असणाऱ्यांनी पगारातून ईएसआयची कपात होते का, ते पाहावे. जुलै २०१९ मध्ये कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के ठरवला गेला. ह्या विम्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही येतात. शिवाय आजारपणातील रजेच्या काळात मजुरीचा काही भाग मिळतो. ही गोष्ट इतर योजनांत नाही. तेव्हा ‘कपात नको, हातात जास्त द्या’ असे मालकाला सांगण्यापूर्वी दोनदा विचार करा.

८. चौथे दार : औषधाचे दुकान

मोठी शस्त्रक्रिया आयुष्यात एखाद्या वेळी होते. पण रक्तदाब आणि मधुमेहाची गोळी दर महिन्याला लागते. योजना तिचे पैसे देत नाही. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते आटतेही!

ह्यावर दोन उपाय आहेत. पहिला, सरकारी आरोग्य केंद्रातून ही गोळी विनामूल्य घेणे. दुसरा, जनऔषधी केंद्र. २००८ साली सुरू झालेल्या ह्या उपक्रमाची देशात आज पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. तेथील औषधे नामांकित कंपन्यांच्या तुलनेत साधारण ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. गोळीतला औषधी घटक तोच असतो, वेष्टनावरचे नाव वेगळे असते. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘साहेब, औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का?’

सरकारने ठरवले तर किंमत किती उतरू शकते, ह्याचे एक उदाहरण पाहा. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधयुक्त स्टेंटला पूर्वी लाखभर रुपये मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. वस्तू तीच होती. बदलला तो नियम. म्हणून धोरण हा विषय फक्त पुढाऱ्यांचा नाही, आपल्याही घराचा आहे.

९. जेथे योजना थांबतात

सर्व कागद हाती असूनही काही खर्च उरतोच. रुग्णासोबत बसणाऱ्याची बुडालेली मजुरी, त्याचे जेवण, एस. टी. आणि रिक्षाचे भाडे, दाखल न होता केलेल्या तपासण्या. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तो पल्ला गाठला गेला नाही. योजना पाच लाखांची असली तरी जवळ डॉक्टर, परिचारिका आणि औषधे नसतील तर ते पाच लाख कागदावरच राहतात. मत मागायला येणाऱ्यांना, ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत हे आपण शांतपणे, पण ठामपणे विचारले पाहिजे.

आणि सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे आजार होऊ न देणे. आपल्या करमाळ्याच्या पलीकडे जामखेड आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तेथे गेले. त्यांनी केवळ रुग्णालय बांधले नाही. गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित समाजातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. स्वच्छ पाणी, बाळाचा आहार, लसीकरण, सुरक्षित बाळंतपण ही कामे त्या स्त्रियांनी केली. दवाखान्यापर्यंत जावेच लागू नये, हा खर्च वाचवण्याचा त्यांचा मार्ग होता. १९७९ साली ह्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकायचे ते असे की, एक जाणती शेजारीण अनेक घरांचा खर्च वाचवू शकते.

आपल्या वस्तीत विड्या वळताना तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, तासन्‌तास वाकून बसल्याने पाठ आणि मान धरते. तोंडावर फडके बांधणे, अधूनमधून उठणे, चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासणे ह्याला फार पैसे लागत नाहीत. आशाताई दारी आल्या तर ‘नंतर या’ म्हणू नका.

१०. ह्या आठवड्यात करायचे काम

एक जाड पाकीट घ्या. त्यात पुढील गोष्टी ठेवा :

१) रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स. नवी सून, नवे बाळ ह्यांची नावे कार्डावर चढली आहेत का, ते पाहा.
२) घरातील प्रत्येकाच्या आधारकार्डाची झेरॉक्स. दोन्ही कार्डांवरील नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, ते तपासा. एका अक्षराच्या फरकाने मंजुरी अडकू शकते.
३) आयुष्मान कार्ड, विडी कामगार ओळखपत्र किंवा ईएसआय कार्ड, जे असेल ते.
४) तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो मिळायला दिवस लागतात, म्हणून आधीच काढावा.
५) एका कागदावर मोठ्या अक्षरांत १०८, १५५३८८ आणि जवळच्या योजनेतील दोन रुग्णालयांची नावे.

पाकीट पत्र्याच्या पेटीच्या तळाशी नको. दाराजवळ खिळ्याला अडकवा, जेथे घाईत हात जाईल. मावशींनी आता तसेच केले आहे. त्या शेजारणींनाही सांगतात, “बाई, देवाचं नाव घ्या आणि पिशवी घ्या. दोन्ही घेतल्याशिवाय दवाखान्यात जाऊ नका.”

कुटुंबात व आपल्या समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मागच्या आजारपणात किती खर्च झाला? त्यातला किती टाळता आला असता?
२. आपल्या गल्लीत एकटे राहणारे, वाचता न येणारे किंवा कागद नसलेले कोण आहेत? त्यांचे पाकीट कोण तयार करून देईल?
३. रात्री कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तर रुग्णासोबत जाऊन ‘आरोग्यमित्र कुठे आहेत?’ हे विचारणारा एक जाणता माणूस आपल्या समूहात आहे का? नसेल, तर तो कोण होईल?

शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या आणि खर्चाचीही जबाबदारी घेतली. आपल्यापैकी प्रत्येकाकडे दोन दीनार असतीलच असे नाही. पण योग्य दार दाखवणे आणि कागद लिहून देणे प्रत्येकाला जमते. ह्या रविवारी घरी गेल्यावर जेवणाआधी ती पत्र्याची पेटी उघडू या.